अळंबीची जात

दीप्ती तांबेला अंदाजाने बोललेलं खपत नसे. घरात कुणी 'डास चावतोय' म्हणालं की ती 'चावतेय' अशी दुरुस्ती करी, कारण रक्त फक्त मादी पिते. खेकड्याला कुणी मासळी म्हणालं की तिच्या कपाळावर आठी उमटे. खेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती जीवशास्त्र शिकवायची. तिथे या सवयीचं कौतुक व्हायचं. घरी मात्र तिच्या वहिनीला, करुणाला, ही सवय घशात अडकलेल्या काट्यासारखी टोचत राहायची.

दोघी पाथरवण्याच्या बौद्धवाडीत एकाच घरात राहत. करुणाचा नवरा महेंद्र, म्हणजे दीप्तीचा थोरला भाऊ, मुंबईला कामाला. तो मे महिन्यात यायचा, आणि मग कधी अधलीमधली सुट्टी जोडून मिळाली तर. नणंद-भावजयीचं मुळात कधी जमलंच नाही. पण एकीवाचून दुसरीचं भागतही नव्हतं. करुणाच्या हातचं जेवून दीप्ती कॉलेज गाठायची, आणि दीप्तीच्या स्कूटरवरून करुणाचा माल खेडच्या दुकानांत जायचा.

माल म्हणजे अळंबी. वाडीतल्या बायकांचा बचत गट होता आणि करुणा त्याची अध्यक्ष. घरामागचा रिकामा गोठा तिने बारदानाने बंदिस्त केला होता. भाताचा पेंढा उकडून, निथळवून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठासायचा, थरांमध्ये धिंगरी जातीच्या अळंबीचं बी पेरायचं आणि पिशव्या आढ्याला टांगून ठेवायच्या. पुढे त्या पिशव्यांच्या भोकांतून पांढऱ्या-करड्या छत्र्यांचे घोस बाहेर फुटायचे. सुरुवातीला वाडीतलेच लोक नाक मुरडायचे. आता खेडचे दोन दुकानदार आणि पोफळीच्या कॉलनीतली काही घरं नेमाने घ्यायची.

आणि यंदा पाथरवण्याच्या दत्तजयंतीच्या सप्ताहाने मागणी दिली होती. शेवटच्या दिवशीच्या महाप्रसादात अळंबीचा रस्सा. कल्पना मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची. तिथल्या कुणा पदाधिकाऱ्याने महेंद्रकडे अळंबी खाल्ली होती आणि 'गावातली वस्तू गावाच्या पंगतीत' असं त्याच्या मनाने घेतलं होतं. गावातल्या उत्सव समितीचा अध्यक्ष महिपत बैकर आधी कुरकुरला, पण मुंबईचे लोक वर्गणी गोळा करून पाठवतात, त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. बौद्धवाडीत पिकलेली वस्तू देवळाच्या पंगतीत वाढली जाण्याची ही पहिलीच वेळ. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. करुणानेही नाही. तिने फक्त नेहमीच्या दुप्पट पिशव्या टांगल्या आणि दिवस मोजून पाणी मारायला लागली.

त्याच सुमारास, दिवाळीच्या सुट्टीनंतर, दीप्ती अकरावीची उजळणी घेत होती. प्रकरण होतं सजीवांचं वर्गीकरण. हे प्रकरण मुलांना रटाळ वाटतं आणि तिला सगळ्यांत आवडायचं.

"पूर्वी दोनच डबे होते," ती फळ्यावर दोन चौकोन काढून म्हणाली. "हलतं ते प्राणी, एका जागी उभं ते झाड. अळंबी हलत नाही, म्हणून तिला उचलून वनस्पतींच्या डब्यात टाकली. कितीतरी वर्षं ती तिथेच पडून राहिली. पण तिला हिरवा रंग नाही, ती उन्हावर अन्न तयार करत नाही. दुसऱ्याचं कुजवते आणि ते शोषून घेते. शेवटी तिला वेगळं घर दिलं, कवकांची सृष्टी. अशा पाच सृष्ट्या झाल्या. त्याच्याही पुढे, पेशीच्या आतला मजकूर वाचता यायला लागला तेव्हा लोक चक्रावले. झाड आणि प्राणी यांच्यातलं अंतर आपल्याला वाटायचं तेवढं मोठं नाहीच. खरी फारकत आणखी खालून आहे. जिवाणू एकीकडे. दिसायला जिवाणूंसारखे पण आतून निराळे असे आर्किया दुसरीकडे. आणि तिसरीकडे आपण सगळे. तुम्ही, मी, फणस, बेडूक, अळंबी. ही तीन डोमेन्स."

"मॅडम," पहिल्या बाकावरच्या संस्कृतीने विचारलं, "मग अळंबी व्हेज का नॉनव्हेज?"

संस्कृती बैकर म्हणजे महिपतची नात. हुशार पोर, प्रश्न विचारणारी. दीप्तीची ती आवडती होती.

"व्हेज-नॉनव्हेज हे हॉटेलवाल्यांचं वर्गीकरण," दीप्ती म्हणाली. "पण नातं विचारशील तर अळंबी फणसापेक्षा तुला जवळची आहे. तिच्या पेशीची भिंत काइटिनची असते. काइटिन आपल्याकडे आणखी कुठे सापडतं, सांग? कोळंबीच्या टरफलात."

वर्ग हसला. दीप्तीही हसली. तास छान झाला असं तिला वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी ती घरी पेपर तपासत बसली होती तेव्हा करुणा गोठ्यातून आली. हातात मोबाइल होता. काही न बोलता तिने तो दीप्तीसमोर धरला आणि बटण दाबलं. समितीतल्या रितेशचा आवाज होता, गावच्या ग्रुपवर पाठवलेला.

"मंडळी, सप्ताहाच्या प्रसादात अळंबी नको. आपल्याच गावच्या, खेडच्या कॉलेजातल्या मॅडमनी वर्गात शिकवलंय, अळंबी ही भाजी नाय, प्राण्यातली वस्तू हाय. तिच्यात कोळंबीचं टरफल असतं. मॅडम कोण ते सगळ्यांना माहीत हाय. घरच्याच माणसाने सांगितल्यावर आणखी काय पुरावा पायजे? देवाचं काम हाय, विटाळ नको."

"मी असं बोललेच नाही," दीप्ती म्हणाली. "काइटिन असतं म्हणाले. टरफल असतं असं कोण म्हणेल? आणि प्राण्यातली नव्हे, प्राण्यांना जवळची. दोन्हींत फरक आहे."

करुणाने मोबाइल खाली ठेवला. "खेडच्या दोन्ही दुकानदारांचे फोन आले. माल नको म्हणाले. गिऱ्हाइकं विचारतात म्हणे, यात कोळंबी हाय का. आणि मघाशी महिपतआबांचा निरोप आला. सप्ताहाची मागणी रद्द."

"आपण खुलासा टाकू."

"गोठ्यात जाऊन बघ. पिशव्यांतून घोस फुटलेत. आज-उद्याकडे कापायला पायजेत, नायतर कडा पिवळ्या पडतील. खुलासा टाकतेय!" करुणाने पदराने हात पुसले, कोरडे असूनही पुसले. "तू माझ्याबरोबर आबांकडे चल. आत्ता. आणि एकच वाक्य बोल. अळंबी ही भाजी हाय."

"भाजी आहेच. पण वनस्पती नाही."

"पहिलं वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. जमेल?"

"वहिनी, मी शिक्षिका आहे. मुलं तिथे असतील."

"मुलांना उद्या वर्गात काय ते सांग. आज मला माझा माल विकायचाय." करुणाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तो असा खाली गेला की पुढे काय येतं ते दीप्तीला ठाऊक होतं. "का मॅडम, तुम्हांला जमणार नाय? आमच्यासाठी एवढं खाली यायला?"

'मॅडम' आणि 'तुम्ही' ही करुणाची हत्यारं होती. दीप्तीने पेपरांवर तांब्या ठेवला आणि चपला घातल्या.

देवळासमोर महाप्रसादाचा मांडव उभा राहत होता. पताका लावायचं काम चाललं होतं. महिपत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, आजूबाजूला समितीची पाच-सहा माणसं, त्यांत रितेश. एका बाजूला बायका तांदूळ निवडत होत्या आणि त्यांच्यात संस्कृतीही होती. मॅडमना बघून तिने मान खाली घातली. खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा असं कुणी म्हटलं नाही. दोघी मांडवाच्या कडेला खांबाशी उभ्या राहिल्या.

"आबा," करुणा म्हणाली, "काहीतरी गैरसमज झालाय. दीप्ती सांगायला आलीय."

"अळंबी ही भाजी आहे," दीप्ती म्हणाली. "शाकाहारी माणसं जगभर खातात. वर्गात मी बोलले त्याचा अर्थ वेगळा होता."

तिने वाक्य संपवलं आणि ओठ मिटले. करुणाने खांबावरचा हात काढला. तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित निभावलंही असतं.

पण महिपत कच्चा नव्हता. "बरं झालं आलीस," तो म्हणाला. "शिकलेली बाई हायस, तूच सांग. आमच्या संस्कृतीच्या पुस्तकात लिवलंय तेवढंच विचारतो. अळंबी ही वनस्पती हाय का? हो का नाय?"

दीप्तीने संस्कृतीकडे पाहिलं. पोरगी तांदळात बोटं फिरवत होती. करुणा शेजारून पुटपुटली, "हो म्हण."

"नाही," दीप्ती म्हणाली.

"झालं तर," रितेश म्हणाला आणि चारचौघं हसली.

त्या हसण्याने दीप्तीचं डोकं फिरलं. आपण वर्गात नाही हे ती विसरली, की वर्गात असल्यासारखंच तिला वाटलं, कुणास ठाऊक. "काय झालं?" ती म्हणाली. "वनस्पती नाही म्हणून चालत नसेल तर मग नीट यादी करू. महाप्रसादाला ताक असतं ना? दह्यात जिवाणू असतात, जिवंत, एका चमच्यात लाखो. ते वनस्पती नाहीत. ते तर आपल्या डोमेनमधलेही नाहीत. अळंबी निदान तुमची लांबची नातेवाईक आहे, दह्यातला जिवाणू तोही नाही. दही बंद करणार? सप्ताहाच्या नाश्त्याला पाव आणता, तो फुगतो कशाने? यीस्टने. यीस्ट म्हणजे कवक, अळंबीचंच भावंड. पाव बंद करणार?"

"ए बाई, देवाच्या दह्याला नावं ठेवू नको," एकजण ओरडला.

"नावं ठेवत नाही. आहे ते सांगतेय."

"आमच्या मांडवात येऊन आमच्या प्रसादात किडे काढतेय बघा!"

"किडे नव्हेत, जिवाणू. किडे प्राणी असतात."

"दीप्ती!" करुणाने तिचा दंड धरला. दीप्तीने तो हिसडला.

"आणि श्रावणात वर सड्याच्या माळावर वारुळाकडे जी अळंबी उगवते ती? ती तुम्ही सगळे खाता. श्रावणात, मासळी बंद असताना खाता. आबा, तुमच्या घरी तर टोपलीभर येते. तिच्यात काइटिन नसतं?"

महिपत खुर्चीतून उठला. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. "ती रानात येते," तो म्हणाला. "आपली आपण येते. ती कुणाच्या घरात नाय पिकत."

तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. पताका लावणारा शिडीवरून खाली बघायला लागला. महिपतलाही आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं असावं, कारण त्याने एकदा इकडेतिकडे पाहिलं. पण शब्द मागे घ्यायला तो वाकला नाही.

"कुणाच्या घरात म्हणजे?" करुणाने विचारलं.

महिपतने खांद्यावरचं उपरणं झटकलं.

"आबा, कुणाच्या घरात?"

"तुला कळलं ते," महिपत म्हणाला. "जा आता. कामं हायत."

दोघी निघाल्या. मागून रितेश काहीतरी बोलला आणि पुन्हा हसणं ऐकू आलं. वाटेवर जांभ्या दगडांच्या गडग्यापाशी आल्यावर दीप्ती म्हणाली, "ऐकलंस ना? सगळ्यांदेखत बोलला. उद्याच पोलीस स्टेशनला जाऊ. कायदा आहे."

करुणा थांबली. "खूश झालीस?"

"खूश कसली? पण खरं कारण बाहेर आलं की नाही? अळंबीचा प्रश्नच नव्हता मुळी."

"ते मला आज कळलं असं वाटतं तुला?" करुणाने इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडावर फेकलं. "मी या गावात नांदायला आले तेव्हापासून मला माहीत हाय. आपल्या वाडीतला भोपळा देवळाच्या पंगतीला जातो? तांदूळ जातो? कधी कुणी मागितला? भोपळ्याचं ठरलेलं हाय. कुणाचा घ्यायचा, कुणाचा नाय. अळंबीचं ठरलं नव्हतं. नवीन वस्तू होती. हिचं काय करायचं, ही कुठल्या ओळीत बसवायची, ते कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांना सुचायच्या आत मला ती पंगतीत वाढायची होती. एकदा पोटात गेली असती की गेली असती. पुढच्या वर्षी कुणी काढली नसती. आणि तू? तू फळ्यावर चौकोन काढून त्यांना दाखवलंस, ही घ्या, ही इकडची नाय, ही तिकडची."

"म्हणजे लपूनछपून वाढायची होती तुला? मान खाली घालून?"

"हो! लपूनछपून! तुला सगळं तोंडावर पायजे असतं. तुला कॉलेजात खुर्ची हाय, फळा हाय, पोरं 'मॅडम मॅडम' करतात. आणि मी? माझ्यामागे चार बायका पेंढा उकडतायत, त्यांना आता काय सांगू? काइटिन?"

"मी चुकीचं काय बोलले एवढं सांग."

"काय नाय चुकलीस. कधीच चुकत नाहीस. म्हणून तर तुझ्याबरोबर राहवत नाय."

त्या दिवशी करुणाने आणि गटातल्या बायकांनी अळंबी कापली. थोडी पोफळीला गेली, थोडी वाडीत वाटली, बाकीची घराच्या पत्र्यावर साड्या पसरून उन्हात वाळत घातली. दीप्ती मदतीला गेली तेव्हा करुणा म्हणाली, "तुमचे पेपर राहिलेत ना, मॅडम," आणि तिच्या हातातली सुरी काढून घेतली. पोलीस स्टेशनला जायला तिने साफ नकार दिला. 'मला इथेच पाणी भरायचंय' एवढंच म्हणाली. महेंद्रने फोनवर दोघींची समजूत घालायचा प्रयत्न केला, आणि दोघींच्याही शिव्या खाल्ल्या.

सप्ताह अळंबीवाचून पार पडला. त्यानंतरच्या आठवड्यात प्राचार्यांनी दीप्तीला बोलावून घेतलं. गावकऱ्यांचा अर्ज आला होता: तांबे मॅडम वर्गात धार्मिक भावना दुखावणारं शिकवतात, प्रसादाची विटंबना करतात, मुलांची माथी भडकवतात. खाली बऱ्याच सह्या होत्या.

"तुम्ही शिकवलं ते बरोबरच आहे," प्राचार्य म्हणाले. ते रसायनशास्त्राचे होते आणि त्यांना भांडणाचा तिटकारा होता. "पण कोळंबीचं उदाहरण कशाला? बोर्डाच्या पुस्तकात कोळंबी आहे का?"

"काइटिन आहे."

"मग काइटिनवर थांबायचं."

वर्गातही हवा बदलली होती. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच 'कोळंबी' म्हणायचं आणि खसखस पिकायची. एकदा तास संपल्यावर संस्कृती रेंगाळली. "मॅडम, मी घरी गंमत म्हणून सांगितलं होतं. आजोबा असं करतील असं..."

"तू काय चुकीचं सांगितलंस?" दीप्तीने विचारलं.

"नाही, पण..."

"मी शिकवलं ते नीट ऐकलंस आणि नीट सांगितलंस. मांडवात मात्र तू काही बोलली नाहीस. 'टरफल असतं असं मॅडम म्हणाल्या नव्हत्या' एवढं तुला म्हणता आलं असतं. तिथे तांदूळ निवडत बसलीस. जा."

पोरीचे डोळे भरले. दीप्तीला ते दिसलं, आणि तरी ती फळा पुसत राहिली. त्यानंतर संस्कृती पहिल्या बाकावर बसली नाही.

शेवटी बैठक ठरली. दीप्तीने घरी जाता जाता तेवढंच सांगितलं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये महिपत, रितेश आणि आणखी एक सभासद, समोर दीप्ती. तिची नेमणूक तासिका तत्त्वावरची, दर वर्षी नव्याने होणारी. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्राचार्यांनी एक मजकूर टाइप करून ठेवला होता. त्यांनी तो वाचून दाखवला: 'अळंबीसंबंधी वर्गात माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली. त्यामुळे ग्रामस्थांचा गैरसमज होऊन सप्ताहाच्या प्रसादाबाबत अप्रिय प्रसंग घडला. अळंबी ही शाकाहारी भाजीच आहे. झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.'

"यात तुमच्या घरच्यांचाही फायदाच आहे," प्राचार्य तिच्याकडे न बघता म्हणाले. "अळंबी शाकाहारी आहे असं लेखी होतंय. दुकानदारांना दाखवता येईल."

"आमचं काय म्हणणं नाय," महिपत मऊ आवाजात म्हणाला. "पोरगी गावचीच हाय. चुकलं म्हणाली की मिटलं. पुढच्या वर्षी घेऊ की अळंबी, न घ्यायला काय झालं."

दीप्तीने कागद पुढे ओढला. 'चुकीची माहिती' हे दोन शब्द तिला काचेच्या कपच्यांसारखे दिसत होते. पण गेले काही दिवस तिने पत्र्यावर वाळणारी अळंबी पाहिली होती आणि घरात पाठ फिरवून जेवणारी वहिनी पाहिली होती. मांडवात आपण एक वाक्य बोलून गप्प बसलो असतो तर, हा विचार तिला सोडत नव्हता. हेच ते वाक्य होतं. आता तरी म्हणावं. तिने पेन उघडलं.

तेवढ्यात बाहेर शिपायाशी कुणीतरी वाद घालत असल्याचा आवाज आला आणि दार ढकलून करुणा आत आली. धापा टाकत होती. एसटी स्टँडवरून चालत आली असावी.

"बाई, इथे बैठक चालू आहे," प्राचार्य म्हणाले.

"माझ्या अळंबीचीच हाय ना? मंग मला न बोलावता कशी?" तिने टेबलावरचा कागद उचलला आणि उभ्यानेच वाचला. दोनदा वाचला. मग तो दीप्तीपुढे ठेवला. "सही करू नको."

दीप्तीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तूच म्हणाली होतीस..."

"तेव्हा म्हणाले होते. तेव्हा ते वाक्य माझ्या कामाचं होतं. आता ते यांच्या कामाचं हाय." तिने महिपतकडे बोट केलं. "वाच ना नीट, एवढी शिकलीस! तू चुकीचं शिकवलंस, म्हणून यांचा गैरसमज झाला, म्हणून अळंबी परत गेली. यांचा काय दोष? यांनी काय केलंच नाय. मांडवात आबा काय बोलले ते या कागदात कुठे हाय?"

"मी काय बोललो?" महिपत म्हणाला.

"कुणाच्या घरात पिकते, ते बोललात. मी विचारलं तेव्हा नाव घेतलं नाय तुम्ही. आता घ्या. सर, त्यांना विचारा आणि ते पण खाली टाइप करा. मंग दोघांच्या सह्या घेऊ."

प्राचार्यांनी चष्मा काढला. रितेश उठून उभा राहिला. "आबा, चला. ही काय बोलायची रीत झाली?"

"बस खाली," करुणा त्याला म्हणाली. "आवाज पाठवताना रीत आठवली नाय ती?"

"भिकारड्यांना तोंड फुटलंय," रितेश म्हणाला. महिपतने त्याचा हात दाबला, पण उशीर झाला होता. प्राचार्यांनी, शिपायाने, सगळ्यांनी ऐकलं होतं.

दीप्तीने पेनाला टोपण लावलं. "मी सही करणार नाही," ती म्हणाली. "मी शिकवलं ते बरोबर आहे. अळंबी वनस्पती नाही, आणि ती परत गेली ती त्यामुळे नाही."

"मॅडम, पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं मग मला काही सांगता येणार नाही," प्राचार्य म्हणाले.

"नका सांगू."

महिपत उठला. दारात क्षणभर थांबून त्याने दोघींकडे पाहिलं. त्या नजरेत गैरसमज, गोडवा, काहीही उरलं नव्हतं. तिथून पुढे पाथरवण्यात त्याच्या घराने आणि तांब्यांच्या घराने एकमेकांना ओळख दिली नाही. दीप्ती संध्याकाळी घरी शिकवणी घ्यायची, तिच्यातून समितीच्या घरांतली मुलं गेली. जूनमध्ये तिला नेमणुकीचं पत्र आलं नाही. तिने चिपळूणच्या एका क्लासमध्ये तास धरले. खेडच्या दुकानदारांपैकी एक उन्हाळ्यात परत माल घ्यायला लागला, दुसरा लागला नाही. वाळवलेली अळंबी महेंद्रने मुंबईत खपवली. पुढच्या सप्ताहाच्या पंगतीत अळंबी नव्हती, आणि ती का नाही हे गावात आता सगळ्यांना माहीत होतं. कोळंबीचं नाव मात्र पुन्हा कुणी काढलं नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी केबिनमधून बाहेर पडल्यावर दीप्ती वहिनीच्या मागोमाग जिना उतरली. फाटकाशी तिने स्कूटर काढली. "बस," ती म्हणाली. "वहिनी, आज तू आलीस म्हणून..."

"तुझ्यासाठी नाय आले," करुणा म्हणाली. "तुझ्या सहीने माझं तोंड बंद झालं असतं, म्हणून आले. मांडवातलं मी विसरले नाय. तू त्या दिवशी गप्प बसली असतीस तर आज ही वेळच आली नसती."

"आणि मी गप्प बसले असते तर तो काय आहे ते बाहेर कधी आलं असतं?"

"बाहेर येऊन काय झालं? सांग ना. काय झालं?"

करुणाने पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि ती स्टँडच्या दिशेने चालायला लागली. पाथरवण्याची गाडी सुटायच्या बेतात होती.

जगबुडीच्या पुलावर दीप्तीची स्कूटर त्याच एसटीच्या मागे आली. रस्ता अरुंद, समोरून वाहनं, पुढे काढायला जागा मिळेना. शेवटच्या खिडकीत करुणा बसली होती, तिचा अंबाडा आणि हिरवी साडी दिसत होती. एकदा तिने मान वळवून मागे पाहिलं. स्कूटर दिसली असणारच. तिने खिडकीची काच ओढून बंद केली आणि पुन्हा समोर बघायला लागली. धूर खात, ब्रेक दाबत, दीप्ती त्या गाडीच्या मागून गावापर्यंत आली.